थंडीत जागी असलेली द्राक्षबाग

डिसेंबरच्या उत्तरार्धात निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला आकडा दुसऱ्या दिवशी राज्यभरातील वर्तमानपत्रांत छापून येतो, आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात की एवढ्या थंडीत बागेचे कसे चालले आहे. प्रश्न आपुलकीचा असतो, पण त्यामागे एक समजूत असते: थंडी पडली म्हणजे पाने गळाली असतील, झाड विसावले असेल, आता फेब्रुवारीपर्यंत बागायतदारालाही थोडी उसंत मिळत असेल. युरोपातल्या बागांची बर्फातली छायाचित्रे पाहून ही समजूत तयार होते आणि तिकडच्यापुरती ती खरीही आहे. आमच्याकडे मात्र वर्षातली सर्वांत कडक थंडी नेमकी अशा आठवड्यांत येते, जेव्हा वेलीवर पाने भरगच्च असतात, घड लोंबत असतात, मण्यांत पाणी उतरण्याची, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागण्याची वेळ जवळ आलेली असते आणि झाड वर्षातले सर्वांत जड काम करत असते. नाशिकची द्राक्षवेल थंडीत झोपत नाही. मग तिला विसावा मिळतो तरी केव्हा, याबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण आमच्या बागा लवकर थकतात याचे एक मोठे कारण मला या प्रश्नाच्या उत्तरात दिसते.

खरी सुप्तावस्था कशी असते हे आधी नीट पाहिले पाहिजे, म्हणजे आपल्याकडे काय नाही ते कळते. समशीतोष्ण प्रदेशातल्या वेलीला हिवाळ्याची पहिली वर्दी थंडी देत नाही, दिवस देतो. ऑगस्टपासून दिवस ठळकपणे आखूड होऊ लागला की शेंड्यांची वाढ मंदावते आणि थांबते. हिरवी काडी बुडाकडून शेंड्याकडे तपकिरी होत जाते आणि तिच्यावर संरक्षक सालीचा थर चढतो. आपण जिला काडी पिकणे म्हणतो ती हीच क्रिया. फळ काढल्यावरही पाने काही आठवडे झाडावर राहतात, तयार केलेले अन्न खोडात आणि मुळांत पाठवतात, स्वतःतले नत्रही बरेचसे परत देतात आणि मगच गळतात. साठलेला हा स्टार्च पुढे थंडी वाढली की काही अंशी साखरेत बदलतो. डोळ्यातले पाणी कमी होते, काडीच्या वाहिन्यांशी त्याचा संबंध जवळजवळ तुटतो, आणि आत जे पाणी उरते ते शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही बर्फ न होता टिकून राहते.

या झोपेला टप्पे असतात. उन्हाळ्यात डोळा फुटत नाही तो वाढत्या शेंड्याच्या आणि बगलफुटींच्या वर्चस्वामुळे. त्या दोन्ही काढून टाकल्या तर तो फुटू शकतो, हे आपल्याकडच्या कोणाही बागायतदाराला ठाऊक आहे. शरदात मात्र डोळा आतूनच बंद होतो. मग ती काडी कापून उबदार खोलीत पाण्यात ठेवली तरी तो लवकर हलत नाही. हा आतला अडसर थंडीनेच दूर होतो. सुमारे सात अंशांच्या खालचे तास एकेक करून जमा व्हावे लागतात. सफरचंदाच्या मानाने द्राक्षाची ही गरज कमी असते, वाणागणिक साधारण शंभर ते चारशे तासांची. तेवढी थंडी भोगून झाली की डोळा आतून मोकळा होतो, पण बाहेर अजून गारठा असतो म्हणून थांबून राहतो, आणि वसंतात माती तापली की सगळे डोळे जवळजवळ एकाच वेळी फुटतात. एकाच वेळी फुटणे ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे, कारण घड एकसारखे येणे, एका वेळी फुलणे आणि एका वेळी पिकणे हे सारे त्यावर अवलंबून असते.

तिकडच्या बागायतदाराची चिंता वेगळी असते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या फिंगर लेक्स भागात युरोपीय वाणांचे डोळे उणे २० ते उणे २५ अंशांच्या आसपास मरू लागतात, तर अमेरिकी वंशाचा काँकर्ड त्याहून अधिक थंडी सोसतो. युक्रेनमधून आलेले डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक यांनी योग्य खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ती वेल) वापरून युरोपीय वाण तिथे टिकवून दाखवले आणि १९६२ मध्ये वायनरी उभी केली, त्याआधी तिथे ही द्राक्षे टिकतील यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. तिथली सरोवरे खोल असल्यामुळे उष्णता हळूहळू सोडतात आणि काठच्या उतारांवरील बागांना काही अंशांचा आधार मिळतो. तरीही २०१४ च्या जानेवारीत ध्रुवीय हवेची लाट खाली उतरली तेव्हा महासरोवरांच्या पट्ट्यातील अनेक बागांचे डोळे मोठ्या प्रमाणावर गेले. म्हणून तिथे छाटणीपूर्वी काड्या आणून प्रत्येक डोळा धारदार पात्याने आडवा कापून पाहतात. द्राक्षाच्या एका डोळ्यात तीन डोळे असतात: मधला मुख्य, बाजूला दुय्यम आणि तिसरा. मधला हिरवा दिसला तर जिवंत, तपकिरी दिसला तर मेला, आणि जितके मेले असतील त्या हिशेबाने छाटणीत जादा डोळे राखतात. कलमाच्या जोडावर शरदात माती चढवतात आणि वसंतात ती उतरवतात. चीनमधील निंगशियात तर वेली मांडवावरून उतरवून जमिनीवर आडव्या करून अख्ख्याच्या अख्ख्या मातीखाली पुरतात. एवढे कष्ट करून ते ज्या झोपेचे रक्षण करतात, ती आमच्या वेलीच्या वाट्याला मुळात येतच नाही.

भारतातल्या भारतात हा बदल उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना स्पष्ट दिसतो. काश्मीरमधील गांदरबलच्या वेली बर्फात उघड्या उभ्या असतात. पंजाब, हरियाणा आणि दिल्लीच्या आसपास पर्लेट हा वाण डिसेंबरमध्ये पाने टाकतो, जानेवारीत त्याची वर्षातली एकमेव छाटणी होते आणि जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, फळ मिळते. महाराष्ट्रात आले की छाटण्या दोन होतात आणि पीक एक राहते. आणखी खाली तमिळनाडूतील कंबम खोऱ्यात पन्नीर द्राक्षाची वेल वर्षाला दोन पिके देते; तिथे एका बागेत छाटणी आणि शेजारच्या बागेत काढणी एकाच दिवशी चाललेली असू शकते. वेल तीच, पण थंडी जशी ओसरते तशी तिची झोप उथळ होत जाते आणि अखेर नाहीशी होते. नाशिक या रेषेवर अशा ठिकाणी आहे की इथे थंडी पुरेशी नाही आणि अगदीच नाही असेही नाही. वीस अंश अक्षांशावर जूनचा सर्वांत मोठा दिवस आणि डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम अडीच तासांचा फरक पडतो. फिंगर लेक्समध्ये हाच फरक सहा तासांहून अधिक असतो. त्यामुळे दिवस आखूड झाल्याची जी वर्दी तिकडच्या वेलीला ठळकपणे मिळते, ती इथे जेमतेम कुजबुजीइतकी पोचते.

आता आमच्या बागेतील एका डोळ्याचा जन्म पाहू. काढणी संपल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. मागच्या हंगामाच्या सगळ्या काड्या ओलांड्यालगत, म्हणजे मांडवावर आडव्या वळवलेल्या कायमच्या फांदीलगत, एका डोळ्यावर कापल्या जातात आणि त्या डोळ्यातून नवी काडी निघते. मे-जूनच्या उन्हात ही काडी वाढते, तिच्या प्रत्येक पेऱ्याशी डोळा धरतो आणि छाटणीनंतरच्या साधारण चाळीस ते साठ दिवसांत त्या डोळ्याच्या पोटात पुढच्या घडाचा सूक्ष्म अंकुर तयार होतो. त्यानंतर पावसाळाभर काडी पिकत राहते आणि ऑक्टोबरमध्ये ती आठ-दहा डोळ्यांवर छाटून फळ घेतले जाते. म्हणजे ज्या डोळ्यावर आमच्या वर्षाचे उत्पन्न अवलंबून आहे, तो उन्हाळ्यात जन्मतो, पावसात मोठा होतो आणि हिवाळा सुरू होण्यापूर्वी फुटतो. त्याने थंडीचा एकही तास पाहिलेला नसतो. उलट निफाडची पाच अंशांची रात्र ज्या काड्यांनी सोसलेली असते, त्या काड्या त्यांच्या डोळ्यांसकट एप्रिलमध्ये कापून बांधावर टाकल्या जातात. थंडी ज्याला हवी त्याला मिळत नाही आणि जिथे मिळते तिथे तिचा उपयोग होत नाही, अशी ही रचना आहे. ती कोणी चुकून केलेली नाही. पावसाळ्यात फळ आणले तर डाऊनी (केवडा रोग) आणि फळकूज काहीच शिल्लक ठेवणार नाहीत, म्हणून कोरड्या हिवाळ्यात फळ वाढवण्याचा मार्ग महाराष्ट्रातील बागायतदारांनी शोधला आणि त्यावर इथला सगळा द्राक्षधंदा उभा राहिला.

पण निसर्गाने न दिलेला हिवाळा माणसाला मग हाताने घडवावा लागतो. ऑक्टोबर छाटणीआधी सुमारे दोन आठवडे पाणी तोडून पानगळ घडवणारे इथेफॉन आणि झिरो बावन्न चौतीस हे स्फुरद-पालाशयुक्त खत यांची फवारणी करतात. पाने पिवळी पडून गळतात. हा हाताने आणलेला शरद. छाटणी झाल्यावर काहीच केले नाही, तर काडीच्या टोकाकडचे दोन-तीन डोळे जोरात फुटतात आणि मागचे तसेच मिटून राहतात. थंडी न मिळालेल्या डोळ्याची ही ओळखच आहे. म्हणून छाटणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत राखलेल्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात, ज्याला आमच्याकडे सगळे पेस्टिंग म्हणतात. हे रसायन डोळ्याच्या पेशींतील कॅटालेज या विकराचे काम रोखते, हायड्रोजन पेरॉक्साइड साचते, श्वसनाला धक्का बसतो आणि त्या धक्क्याने डोळा जागा होतो. शेकडो तासांची थंडी जे काम सावकाश करते, ते एका दिवसात घडते.

या रसायनाबद्दल दोन वाक्ये अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. ते माणसाच्या डोळ्यांना, त्वचेला आणि श्वासाला घातक आहे, आणि शरीरात मद्य असताना ते शरीरात गेले तर चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, रक्तदाब कोसळणे असा गंभीर त्रास होतो, कारण मद्याचे पचन ते अर्ध्यावर अडवते. युरोपीय संघाने २००८ मध्ये त्याला मान्यता नाकारली. आमच्याकडे पेस्टिंगचे काम पेठ, सुरगाणा आणि हरसूलकडून येणाऱ्या टोळ्या करतात, त्यांत बाया निम्म्याहून जास्त असतात. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा आणि साबण-पाणी बांधावर हजर असल्याशिवाय आमच्या घरी डबा उघडत नाहीत, आणि आदल्या दिवशीपासून पुढचे काही दिवस टोळीतल्या कोणीही दारूला शिवायचे नाही हे मुकादमाला आधी सांगून ठेवतात. गेल्या हंगामात टोळीतल्या एका मावशींनी हातमोजे घालताना विचारले, "ताई, हे इतकं जहाल आहे तर झाडाला कसं सोसतं?" डोळ्याला सोसेल एवढेच प्रमाण घ्यायचे असते, हे माझे उत्तर बरोबर होते, तरी तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. हातमोज्यांची किंमत वाचवणारे बागायतदार मी पाहिले आहेत आणि ते मला अजिबात मान्य नाही.

मग खरी थंडी येते, तेव्हा हे जागे केलेले झाड घडांनी लगडलेले असते. निफाडचा पारा इतका का उतरतो याचे उत्तर जमिनीत आणि आकाशात आहे. गोदावरी आणि कादवेच्या दरम्यानचा हा सपाट, काळ्या मातीचा मोकळा प्रदेश. उत्तरेचा कोरडा वारा रात्री पडतो, आकाश निरभ्र असते, दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता थेट वर सोडून देते आणि जड झालेली गार हवा खोलगट भागात जाऊन बसते. आमच्याच गटात ओढ्याकडची बाजू आणि विहिरीकडचा उंचवटा यांच्या किमान तापमानात दीड-दोन अंशांचा फरक राहतो. तापमापक मी घडाच्या उंचीवर, पानाआड टांगते, कारण पडवीतला आकडा बागेचा नसतो. कडाक्याच्या पहाटे ओढ्याकडच्या ओळींत शिरले की पानांच्या कडांवर दव साखरेच्या दाण्यांसारखे घट्ट झालेले दिसते, आणि तेवढ्याच भागातील पाने पुढच्या दोन दिवसांत कडेने करपून तांबूस होतात.

असे करपणे हे काही फार मोठे नुकसान नव्हे. मोठे नुकसान हळूहळू होते. रात्री दहा अंशांच्या खाली राहू लागल्या की मातीही गारठते, अन्न-पाणी शोषणारी पांढरी मुळी मंदावते, ठिबकमधून दिलेले खत उचलले जात नाही आणि मण्याची फुगवण अडकते. दहा मिलिमीटरवर आलेला मणी आठवडाभर तिथेच थांबलेला पाहणे हे बागायतदाराच्या जिवाला फार लागते, कारण निर्यातीचा माल सोळा-अठराच्या पुढे गेल्याशिवाय पेटीत बसत नाही. त्याच वेळी दिवसाचे तापमान पंचवीस-अठ्ठावीसपर्यंत चढते आणि तेवढी ऊब भुरी या बुरशीजन्य रोगाला पुरते. भुरीला पानावर पाण्याचा थेंबही लागत नाही, दाट पानोळ्यातली सावली आणि कोरडी हवा तिला मानवते. पाणी उतरण्याच्या सुमारास रात्र आणि दिवस यांतले अंतर वीस अंशांवर गेले की थॉमसन या वाणाच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. खाणाऱ्याला त्या पिंक बेरीने काहीच होत नाही, चवही बिघडत नाही. पण युरोपच्या बाजारात हिरवे द्राक्ष हिरवेच लागते, आणि एका रात्रीच्या फरकाने कंटेनरचा माल स्थानिक व्यापाऱ्याच्या क्रेटमध्ये जातो. म्हणून पाणी उतरण्यापूर्वी एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. हजारो घड, एकेकाला कागद आणि एकेकाला पिन. थंडीच्या काळात बागायतदाराला उसंत असते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे काम एक दिवस येऊन पाहावे.

थंडीच्या रात्री काय करावे याबद्दल गावागावांत मते आहेत. बांधावर आणि ओळींच्या तोंडाशी पाचट, काड्या, ओला कचरा पेटवून धूर करण्याची पद्धत सर्वांत जुनी. धुराचे पांघरूण उष्णता अडवते असे मानतात, पण माझा अनुभव आणि वाचन दोन्ही सांगतात की धुराचा उपयोग फार थोडा होतो. जो काही होतो तो जाळाच्या उबेचा आणि त्यामुळे हलणाऱ्या हवेचा. पाण्याचा उपयोग याहून कितीतरी अधिक. ओली जमीन दिवसाची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते, शिवाय विहिरीचे पाणी जानेवारीतही कोमट असते. पहाटे मोटार सुरू केली की पाटाच्या तोंडाशी वाफ दिसते. तरी या उपायाला एक मर्यादा आहे, आणि ती न पाळल्यामुळे गेलेल्या बागा आमच्या परिसरात दरवर्षी दिसतात. मण्यांत पाणी उतरल्यावर साल ताणलेली असते. रात्री दव पडून हवा दमट होते, पानांतून पाणी बाहेर जाणे थांबते, मुळे मात्र पाणी वर ढकलत राहतात, आणि तो दाब मण्यावर येऊन मणी देठाजवळ तडकतो. म्हणून पाणी उतरण्याआधीच्या बागेला मोकळेपणाने पाणी आणि उतरलेल्या बागेला मोजून थोडे, हा भेद थंडीच्या घाईत विसरून चालत नाही.

एवढे लिहिले म्हणून थंडी आमची वैरी आहे असे कोणी समजू नये. ती नसती तर नाशिकच्या द्राक्षाला ही चव आली नसती. गार रात्री मण्यातील आम्लाचे श्वसन मंदावते, त्यामुळे साखर वाढत असतानाही आंबटपणा टिकतो. काळ्या वाणांचा रंग दाट होतो. सुला वाइन्सने २००० मध्ये आपली पहिली वाइन बाजारात आणली तेव्हापासून इथे शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ आणि शिराझ यांच्या बागा वाढल्या, त्या या गार रात्रींच्या जोरावर. एक फरक तेवढा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. युरोपात द्राक्ष सप्टेंबरमध्ये पिकते तेव्हा दिवसागणिक हवा गार होत जाते. इथे जानेवारी ते मार्चमध्ये पिकताना हवा दिवसागणिक तापत जाते. म्हणून तिकडे काढणी काही दिवस लांबली तर बहुधा निभावते, इथे मार्चमध्ये लांबली तर आम्ल झपाट्याने उतरते आणि वाइनचा तोल जातो. सटाण्याकडच्या अर्ली बागा जुलै-ऑगस्टमध्ये छाटतात, त्यांचा माल कडाक्याची थंडी येईपर्यंत बहुतेक निघून गेलेला असतो. पण त्यांना फुलोऱ्यातला पाऊस झेलावा लागतो.

आता विसाव्याचा प्रश्न. पेस्टिंगने डोळा जागा होतो, पण फुटलेल्या कोंबाला पहिले दोन-तीन आठवडे जगायला लागणारे अन्न सायनामाइडमध्ये नसते. पाने स्वतः कमावती होईपर्यंत सगळा खर्च काडी, खोड आणि मुळे यांतील साठ्यावर चालतो. घरातल्या कणगीत धान्य किती आहे यावर पावसाळा कसा जाईल ते ठरते, तसाच हा मामला आहे. ऑक्टोबर छाटणीपूर्वी सूक्ष्मघड तपासणीसाठी, म्हणजे डोळ्यांत घड धरले आहेत की नाही ते पाहण्यासाठी, काड्या प्रयोगशाळेत पाठवण्याची पद्धत आता सार्वत्रिक झाली आहे आणि ती चांगलीच आहे. पण त्या काड्यांतला साठा पाहण्याची एक सोपी रीत घरीही करता येते, ती फार कमी लोक करतात. पिकलेली काडी धारदार कात्रीने आडवी कापायची, तिची पातळ चकती काढायची आणि तिच्यावर पाण्यात पातळ केलेल्या आयोडीनचे थेंब टाकायचे. स्टार्च भरलेल्या काडीत मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या बारीक किरणांसारख्या रेषा पाहता पाहता काळ्या-जांभळ्या होतात. उपाशी काडीची चकती नुसती पिवळट राहते आणि रेषा तुटक, फिकट दिसतात. एकाच बागेतील दोन ओळींच्या चकत्या शेजारी ठेवल्या, तर कोणत्या ओळीत फूट एकसारखी येईल हे छाटणीपूर्वीच बरेचसे कळते. आमच्या बागेत मागील वर्षी जास्त घड राखलेल्या ओळींच्या चकत्या हमखास फिकट निघतात.

हा साठा भरायचा एक मोठा काळ म्हणजे काढणी आणि खरड छाटणी यांमधले आठवडे. थंड देशात या काळानंतर हिवाळा येतो आणि झोपलेल्या झाडाचे श्वसन इतके मंद असते की साठलेले अन्न जवळजवळ जसेच्या तसे वसंतापर्यंत पोचते. आमच्या झाडाला हा काळ मार्च-एप्रिलच्या अडतीस-चाळीस अंशांत मिळतो. उष्णतेत श्वसन वाढते, म्हणजे झाड नुसते उभे राहिले तरी ते साठ्यातले खात असते. म्हणूनच आपल्याकडे विश्रांती म्हणजे पाणी तोडून झाड सुकवत ठेवणे नव्हे. घडांचा भार उतरलेला असावा, पण पाने हिरवी, निरोगी आणि झाडावर असावीत. जमिनीत ओलावा असावा. थोडे नत्र आणि पालाश मिळावे. भुरी आणि लाल कोळी पानांवर राहू नयेत. अशा स्थितीत साधारण तीन आठवडे ते महिनाभर मिळाला तर पाने जे बनवतात ते फळाकडे न जाता खोडाकडे आणि मुळांकडे जाते. शेवटचा घड निघाला की फवारणी बंद, पाणी बंद आणि लक्षही बंद, असे मी आजूबाजूला पाहते तेव्हा वाईट वाटते, कारण पुढच्या ऑक्टोबरमध्ये मागे-पुढे फुटलेली बाग पाहून हेच लोक सायनामाइडचे प्रमाण वाढवायला निघतात. ज्या काडीत साठाच नाही तिला जास्त जोराने जागे करून काय साधणार?

हे लोक बेफिकीर आहेत असे मला म्हणायचे नाही. एप्रिलमध्ये विहिरीने तळ गाठलेला असतो, काढणीचे पैसे व्यापाऱ्याकडून पूर्ण आलेले नसतात आणि छाटणी लांबली तर पुढे सूक्ष्मघड तयार होण्याच्या दिवसांत जूनचे ढगाळ वातावरण सापडते, ज्यात प्रकाश कमी पडून घड कमी धरतात. विश्रांती वाढवावी तर ढग आडवे येतात, कमी करावी तर साठा रिता राहतो. या दोहोंतून वाट काढायची तर सुरुवात आधीच, डिसेंबरमध्ये, घड राखताना करावी लागते. वेलीवर पेलेल तेवढेच घड ठेवले तर माल वेळेवर पिकतो, फेब्रुवारीच्या अखेरीस निघतो आणि मार्च महिना झाडाला मोकळा मिळतो. थंडीत फुगवण अडकलेली बाग पाहून घाबरून संजीवकांचा (वाढीच्या रसायनांचा) मारा करण्यापेक्षा काही घड काढून टाकणे मला अधिक योग्य वाटते. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, सुरुवातीला या मताचे नव्हते. काढलेल्या घडांची टोपली पाहून ते दिवसभर बोलत नसत. आता विरळणीच्या वेळी ओळीत पुढे तेच असतात आणि टोळीला घड मोजून दाखवतात.

यंदा पहिला प्लॉट फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रिकामा होईल असा अंदाज आहे. त्या प्लॉटच्या ओळींत ठिबक चालू ठेवायचे, काढणीनंतर भुरीसाठी गंधकाची एक फवारणी घ्यायची आणि खोडाभोवती उसाचे पाचट अंथरून माती झाकायची, एवढे ठरले आहे. दुसऱ्या प्लॉटचे पाणी पालखेड डाव्या कालव्याच्या उन्हाळी आवर्तनावर, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीवर, अवलंबून आहे. आवर्तनाची तारीख कळली की त्यावरून मागे महिना मोजून खरड छाटणीचा दिवस धरू, आणि आवर्तन लांबले तर विहिरीचे पाणी आधी या प्लॉटला देऊन घरामागच्या नव्या लागणीला टँकर लावू.